गुऱ्हाळावरची भाजलेली जखम आणि नॅनोचांदीची पट्टी : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयातले आहे. तिथे मी जनरल सर्जन म्हणून काम करतो. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चांदीच्या अतिसूक्ष्म (नॅनो) कणांच्या ड्रेसिंगबद्दल कंपन्यांची माहितीपत्रके भरपूर मिळतात. पण खेड्यातल्या घरी, हंगामाच्या गडबडीत, मोजक्या पैशांत ही पट्टी प्रत्यक्ष कशी चालते, याबद्दल फारसे लिहिले जात नाही. म्हणून हे सविस्तर.

पार्श्वभूमी

रुग्ण तिशीतला, गुऱ्हाळावर गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली राबणारा. आमच्या भागात दिवाळीनंतर गुऱ्हाळे भरात येतात. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळत राहतो, मळी निघत राहते आणि पाक साधारण ११५ ते १२० अंश सेल्सिअसला आला की काहिल उतरवून तो निववायच्या वाफ्यात ओततात. बहुतेक अपघात या ओतण्याच्या वेळी होतात. उकळते पाणी अंगावर पडले तर ओघळून जाते आणि लवकर निवते. पाक पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि शिवाय चिकट. तो कातडीला धरून बसतो आणि भाजतच राहतो. म्हणून गुऱ्हाळावरच्या जखमा दिसतात त्याहून खोल निघतात.

या माणसाचा काहिल ओतताना पाय घसरला. उजव्या हाताच्या पंजाची मागची बाजू, मनगटापासून कोपरापर्यंतचा बाहेरचा भाग आणि उजव्या नडगीवर पाक पडला. हातावरचा पाक सोबत्यांनी बादलीभर पाणी ओतून लगेच धुतला. पायात मात्र जाड पँट होती. पाक कापडात मुरला आणि कापड कातडीला चिकटून राहिले. ती पँट आमच्याकडे येईपर्यंत कोणी काढली नव्हती. हातावर कोणीतरी टूथपेस्टही फासली होती.

तो आला तेव्हा अपघाताला दोन तास होत आले होते. तीन तासांच्या आत वाहत्या गार पाण्याचा उपयोग होतो, त्यामुळे आल्या आल्या वीस मिनिटे हात आणि पाय नळाखाली धरायला लावले. बर्फ नाही, साधे पाणी. पाण्याने पाक विरघळतो हाही फायदा. पँट कापून काढली, टूथपेस्ट धुतली, वेदनाशामक आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे शरीराच्या सुमारे एक टक्का, या हिशोबाने भाजलेला भाग पाच टक्क्यांच्या आसपास भरला. एवढ्याला शिरेतून पाणी चढवावे लागत नाही. तोंडाने पाणी, ताक, जेवण पुरते.

तिन्ही ठिकाणची खोली वेगवेगळी होती आणि पुढचे सगळे प्रकरण यावरच फिरले. पंजावर पाण्याचे फोड, खाली गुलाबी ओलसर कातडी, दाबली की पांढरी होऊन पुन्हा लाल होणारी आणि स्पर्शही सहन न होणारी. म्हणजे वरवरची भाजणी. हाताच्या भागात मिश्र चित्र : बराचसा गुलाबी, कोपराजवळ एक पट्टा फिकट. नडगीवर तळहाताहून थोडा मोठा डाग, पांढुरका, मेणासारखा, सुई टोचली तरी नीट न कळणारा. तिथले दुखणे सगळ्यात कमी होते, म्हणून घरच्यांना ती जखम सगळ्यात हलकी वाटत होती. खरी गोष्ट उलटी होती.

पंजा भाजला की रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवावे, असा संकेत आहे. ते आम्ही सुचवले. घरचे तयार नव्हते. दर आठवड्याला आमच्याकडे येणाऱ्या प्लास्टिक सर्जनना फोटो पाठवून बोललो. फोड वरवरचे आहेत, बोटांचा रक्तपुरवठा नीट आहे, इथेच ठेवा पण बोटे हलती ठेवा, असे त्यांचे मत पडले. रुग्ण राहिला.

अडचण

पहिले तीन दिवस वॉर्डातल्या रिवाजाप्रमाणे सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम आणि रोजचे ड्रेसिंग चालले. हे मलम चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये पुढे आणले आणि तेव्हापासून जगभरच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत ते ठाण मांडून आहे. स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, जंतूंवर काम करते. पण त्यातली चांदी जखमेतल्या क्लोराइडशी आणि प्रथिनांशी बांधली जाऊन लवकर निकामी होते, म्हणून ते दिवसातून एकदा-दोनदा पुसून नव्याने लावावे लागते. पुसणे म्हणजे उघड्या मज्जातंतूंवर गॉज फिरवणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आईने अडवले. "डॉक्टर, पट्टी सोडताना ल्हान पोरागत वरडतोय वो. त्येला झोपवून करा न्हाईतर करू नका." रुग्ण स्वतः गप्प होता, पण पंजा पोटाशी घट्ट धरून बसला होता आणि बोटे सरळ करायला तयार नव्हता. हाताच्या मागच्या बाजूची भाजणी अशी आवळून ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत सांधे आखडायला लागतात. मग कातडी चांगली भरून आली तरी मूठ वळत नाही. आमच्या दृष्टीने खरा धोका हा होता.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. मलमाचा आणि जखमेतल्या स्रावाचा मिळून एक पिवळट-पांढरा थर जखमेवर बसला होता. सिल्व्हर सल्फाडायझिनने असा थर बसतोच, आणि मग खालची जखम किती खोल आहे हे सांगणे कठीण होते. नडगीच्या गॉजवर हिरवट झाक आणि ओळखीचा गोडसर उग्र वास आला. स्यूडोमोनास या जंतूची शंका घ्यायला एवढे पुरते. ताप नव्हता, जखमेच्या कडेबाहेर लाली पसरलेली नव्हती. स्वॅब तपासणीला पाठवला.

समोर असलेले पर्याय

मलमच चालू ठेवून ड्रेसिंगच्या आधी वेदनाशामकाचा डोस वाढवणे, हा सगळ्यात सोपा रस्ता. खर्च नाही, सामान नवे नाही. पण रोजचे पुसणे तसेच राहणार, थर तसाच राहणार.

आपल्याकडचे स्वस्त पर्यायही बोलण्यात आले, आणि ते टाकाऊ म्हणून नव्हे. मुंबईत १९८० च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरून अभ्यास झाले. पुढे २००३ मध्ये मुंबईतूनच केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधावरचे गाजलेले काम सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले : एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांत मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना मांडली. केळीचे पान जखमेला चिकटत नाही आणि सोडताना दुखत नाही, ही त्याची मोठी बाजू. पंजासाठी मला ते मनापासून पटत होते. पण पाने धुऊन, चिकटवून, निर्जंतुक करून रोज तयार ठेवायची व्यवस्था त्या आठवड्यात आमच्याकडे नव्हती, आणि हिरवी झाक आलेल्या नडगीवर नुसते झाकण पुरणारे नव्हते.

कोलॅजन या प्रथिनाची शीट पंजावर बसली असती. ती एकदा चिकटली की खाली कातडी येईपर्यंत सोडावी लागत नाही. मात्र खाली जंतू असतील तर तीच शीट पुवावर झाकण होते. नडगीवर हिरवे दिसल्यावर हातावर ती लावायचे धाडस झाले नाही.

चौथा पर्याय नॅनोचांदीची पट्टी. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात रॉबर्ट बरेल यांच्या चमूने १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. पॉलिएथिलीनच्या बारीक जाळीवर निर्वात कक्षात चांदीची वाफ बसवली जाते, आणि त्या थरातले स्फटिक काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढे असतात (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). यात जादू काही नाही, भूमिती आहे. कणाचा व्यास दहापट लहान केला की तेवढ्याच चांदीचा उघडा पृष्ठभाग दहापट वाढतो. पट्टी ओली झाली की या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सावकाश, सलग सुटत राहतात. हे आयन जंतूंच्या आवरणाला आणि गंधकयुक्त गट असलेल्या विकरांना (एन्झाइमना) जाऊन चिकटतात आणि जंतूचे श्वसन बंद पाडतात. मलमातली चांदी एका दमात संपते. पट्टीतली तीन दिवस पुरते. म्हणून ड्रेसिंग तिसऱ्या दिवशी.

पुराव्याचे काय? त्याच अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहरातल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीस रुग्ण होते. प्रत्येकाच्या दोन सारख्या जखमा निवडून एकीवर ही पट्टी आणि दुसरीवर ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेट लावले. पट्टी काढताना दुखणे कमी होते आणि जंतुसंसर्गही कमी आढळला. दुसरीकडे, वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० च्या आढाव्याने २६ चाचण्या एकत्र पाहिल्या आणि चांदीच्या ड्रेसिंगने जखम लवकर भरते किंवा संसर्ग टळतो असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. चांदी जंतू मारते. कातडी चांदीमुळे उगवत नाही, ती कडेच्या आणि केसांच्या मुळांतल्या पेशींतून उगवते. जंतू आटोक्यात ठेवून त्या पेशींना निवांतपणा द्यायचा, एवढीच पट्टीची भूमिका. उलट प्रयोगशाळेत चांदीचे आयन कातडीच्या पेशींनाही मारक ठरतात हे दिसले आहे. तेव्हा कुठे लावायची याच्याइतकाच कधी थांबवायची हा प्रश्न महत्त्वाचा.

चांदीच्या नॅनोकणांचे जेल हाही एक प्रकार आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अशा जेलच्या विकासात सहभाग होता आणि त्यावरचा शोधनिबंध २००९ मध्ये आला. पण जेल म्हटले की पुन्हा लावणे आणि पुसणे आलेच, आणि आमची अडचण नेमकी पुसण्याची होती.

पाचवा पर्याय म्हणजे नडगीची मेलेली कातडी लवकर खरवडून काढून तिथे त्वचारोपण करणे. स्लोव्हेनियाच्या झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून खोल भाजणीसाठी तिला तोड नाही. प्लास्टिक सर्जन पुढच्या आठवड्यात येणार होते. रुग्णाने शस्त्रक्रियेला स्वच्छ नकार दिला. "पायाचं दुखतबी न्हाई. पाय राहू दे, हात मोकळा करून द्या. सीजन चाललाय."

खर्चाचा मुद्दा होताच. एका मोठ्या शीटला त्याची कित्येक दिवसांची मजुरी गेली असती. मात्र हिशोब नुसत्या शीटचा धरून चालत नाही. रोजचे मलम, गॉज, बँडेज, वेदनाशामक, सिस्टरचा अर्धा तास आणि आईचा बुडणारा रोज, हे सगळे एका बाजूला ठेवले तर तिसऱ्या दिवशी बदलायची पट्टी फार महाग पडत नव्हती. गुऱ्हाळमालकाने पहिल्या दोन शीटचे पैसे दिले. त्यांनी हात आखडता घेतला असता तर हा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

काय केले

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, झोपेचे सौम्य औषध देऊन, शेवटचे मोठे पुसणे केले. कोमट पाण्याने मलमाचा अंशही राहू दिला नाही, कारण तेलकट थर राहिला तर पट्टीतली चांदी जखमेपर्यंत पोचत नाही. शीट स्टीलच्या ट्रेमध्ये निर्जंतुक पाण्यात बुडवली, निथळू दिली. कोरडी असताना गडद निळसर-करडी चमक असते, ओली झाली की ती मऊ पडते. मग सिस्टरनी कात्रीने बोटांच्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि पाचही बोटे वेगवेगळी गुंडाळली. बोटांच्या बेचक्यांत वेगळे तुकडे घातले. वर ओलसर गॉज, त्यावर सैल बँडेज. पंजा नुसता पोत्यासारखा बांधला असता तर वेळ निम्मा लागला असता, पण मग बोटे हलली नसती. हा अर्धा तास मला सगळ्या उपचारातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाचा कप उजव्या हातात धरून बसला होता. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगितले तर ड्रेसिंगच्या वेळचे आठ-नऊ आता तीनवर आले होते. फिजिओथेरपिस्टनी तासातासाला मूठ वळवायला लावली.

स्वॅबचा अहवाल आला. शंका होती तोच स्यूडोमोनास एरुजिनोसा. इथे एक निर्णय घ्यावा लागला. अहवाल हातात पडला की प्रतिजैविक सुरू करावे असा दबाव येतो, नातेवाइकांचा आणि आपला स्वतःचाही. पण जखमेवर जंतू असणे आणि रुग्णाला संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप नाही, कडेला लाली नाही, जेवण नीट, नाडी नीट. आम्ही इंजेक्शने दिली नाहीत. जखम धुणे आणि पट्टी यांवर ठेवले, आणि ताप आला किंवा लाली पसरली तर लगेच सुरू करायचे असे केसपेपरवर लिहून ठेवले. सहाव्या दिवशी पट्टी बदलली तेव्हा नडगीचा वास गेलेला होता, हिरवी झाकही नव्हती. पंजावर जागोजागी नवी कातडी धरली होती.

सातव्या दिवशी घरी सोडले. पट्टी वाळू द्यायची नाही, दिवसातून दोनदा वरच्या गॉजवर निर्जंतुक पाणी शिंपडायचे आणि नवव्या दिवशी यायचे, असे कार्डावर लिहून दिले होते.

तो दहाव्या दिवशी आला, आणि पट्टी बघून आम्ही चमकलो. शीटची निळसर झाक जाऊन ती पांढरट-राखाडी झाली होती, कडेने कोरडी ठणठणीत, आणि पंजाला घट्ट चिकटलेली. चौकशी केली. गावातल्या औषधाच्या दुकानात निर्जंतुक पाणी मागितले तर इंजेक्शनात मिसळायच्या छोट्या कुप्या तेवढ्या होत्या. दुकानदाराने त्याऐवजी सलाईनची बाटली दिली. भाऊ म्हणाला, "त्यो म्हणला एकच हाय. सलाईन म्हंजे पाण्यापरीस चांगलंच की." खेड्यात सलाईनला जो मान आहे तो लक्षात घेतला तर त्याचे काही चुकले नाही. आजारी माणसाला सलाईन लावले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पाण्याऐवजी सलाईन वापरणे त्यांना उपचार वाढवण्यासारखे वाटले.

इथे मात्र ते नडते. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. त्यातला क्लोराइड चांदीच्या आयनांशी मिळून सिल्व्हर क्लोराइड तयार करतो, आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. जखमेच्या स्रावातही क्लोराइड असतोच, म्हणून थोडी चांदी तशीही बांधली जाते. पण वरून रोज दोनदा सलाईन ओतले तर पट्टीतली कामाची चांदी वायाच जाते. त्यात मीठ वाळून पट्टी ताठ झाली ते वेगळेच. अर्धा तास पाण्यात भिजवून ती सोडवली, तरी पंजावर दोन ठिकाणी नवी कातडी निघून आली आणि रक्त आले.

आता काय? नवी शीट लावायची, की थांबवायची? पंजाचा मोठा भाग भरलेला होता, जंतूंची खूण नव्हती. जिथे कातडी धरली आहे आणि जंतूंचा त्रास नाही तिथे चांदी ठेवण्यात फायदा नाही, नव्या पेशींना तोटाच आहे. पंजा आणि हातावरची चांदी त्या दिवशी बंद केली. तिथे साधी पॅराफिन गॉज (पॅराफिन लावलेली, कमी चिकटणारी जाळी) आणि वर सुका गॉज, एक दिवसाआड. नडगीवर मात्र अजून पांढरा चिवट थर होता आणि कातडीची बेटे कुठेच दिसत नव्हती. तिथे आणखी एक शीट लावली. या वेळी घरी शिंपडण्याची भानगड ठेवली नाही. ओल्या गॉजवर पातळ प्लास्टिक फिल्मचे आवरण घातले, म्हणजे ओल आत टिकते, आणि तीन दिवसांनी परत बोलावले.

त्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. हाताच्या नव्या कातडीवर काळपट-राखाडी डाग दिसले. आई घाबरली, "सडतंय काय वो?" चांदीचे कण वरच्या थरात बसले की असे डाग पडतात आणि कातडी झडेल तसे ते जातात, हे समजावले. पण या काळजीत तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात, तीस टक्के भाजलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला नॅनोचांदीच्या पट्ट्या लावल्यावर चेहऱ्यावर राखाडी छटा आली, यकृताची विकरे वाढली आणि रक्तात-लघवीत चांदी सापडली. पट्ट्या काढल्यावर तो सावरला. पाच टक्के जखमेवर आठवडाभर पट्टी आणि तीस टक्के जखमेवर पट्टी यांत फार अंतर आहे. तरी मोठ्या भाजणीत, लहान मुलांत किंवा यकृत-मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत मी ती बेधडक लावणार नाही.

तेराव्या दिवशी प्लास्टिक सर्जननी नडगी पाहिली. जखम स्वच्छ होती, वास नव्हता, पण भरण्याची काही लक्षणे नव्हती. तीन आठवड्यांत न भरणारी भाजणी पुढे जाड, खाजरा वण देते. नडगीवर तर हाड लगेच खाली, वण ओढला की चालताना फाटतो. त्यांनी रुग्णाला शेजारी बसवून पाय आणि हात दोन्ही दाखवले : इथे कातडी येतेय, इथे येत नाही, आणि पट्टी कितीही भारी असली तरी जिथे बीच राहिले नाही तिथे ती काही उगवून देणार नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ते पटले. पंधराव्या दिवशी मेलेला थर खरवडून मांडीची पातळ कातडी तिथे लावली. रोपणावर चांदी वापरली नाही. न चिकटणारी साधी जाळी आणि वर दाबाचे ड्रेसिंग केले.

निष्पत्ती

पंजा दोन आठवड्यांत भरला, निघालेल्या दोन जागांसकट. सहाव्या आठवड्यात पूर्ण मूठ वळत होती. हातावरचा बहुतेक भाग अठराव्या दिवसापर्यंत भरला, पण कोपराजवळच्या फिकट पट्ट्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले आणि तिथे उंच, खाजणारा वण राहिला. त्यासाठी दाबाची बाही आणि रोज खोबरेल तेलाने मालिश चालू ठेवले. नडगीवरचे रोपण पाचव्या दिवशी उघडले तेव्हा कडेचा थोडा भाग सोडून सगळे धरले होते. ती जागा आता आजूबाजूपेक्षा गडद आहे, पण फाटत नाही. काळपट डाग दीड-दोन महिन्यांत गेले.

तीन महिन्यांनी तो कामावर परतला. काहिलीवर नाही, ढेपा बांधण्यावर. उन्हाचा आणि चुलाणाच्या झळांचा नव्या कातडीला त्रास होतो, त्यामुळे पुढचा हंगाम तरी तसेच राहावे असे आम्ही सांगितले आहे.

पुन्हा करायचे झाले तर

पंजा पट्टीमुळे लवकर भरला असे मी म्हणणार नाही. वरवरची भाजणी स्वच्छ असेल तर साध्या पॅराफिन गॉजखालीही दोन आठवड्यांत भरते. एडमंटनसारखी शेजारच्या तशाच जखमेशी तुलना आमच्याकडे नव्हती. पट्टीने आम्हाला खात्रीने काय दिले? रोजचे पुसणे थांबले, त्यामुळे बोटे हलली, आणि नडगीचे जंतू इंजेक्शनांशिवाय आटोक्यात आले. यातले पहिले काम केळीच्या पानाने किंवा चांगल्या न चिकटणाऱ्या जाळीने बऱ्याच कमी पैशांत झाले असते. म्हणजे शीट फक्त नडगीपुरती ठेवून पंजावर स्वस्त आवरण, हा विभागलेला मार्ग जास्त योग्य ठरला असता. आता कमी-जास्त खोल अशा तीन जखमांना एकच ड्रेसिंग लावायच्या आधी आम्ही थांबून विचार करतो.

पहिल्या दिवशी रिवाजाने लावलेल्या पांढऱ्या मलमाने खोली झाकली गेली. त्या तीन दिवसांत जखम वाचता आली असती तर प्लास्टिक सर्जनना नडगीचे स्पष्ट फोटो पाठवता आले असते. खोली ठरायची असेल तर पहिले दोन-तीन दिवस पारदर्शक किंवा न चिकटणारे साधे आवरण बरे, असे आता वॉर्डात ठरले आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न नडगीच्या वेळेचा आहे. चांदीखाली ती जखम स्वच्छ दिसत राहिली, आणि स्वच्छ जखम बघून सगळेच निर्धास्त होतात. हिरवी झाक गेल्यावर सहाव्या दिवशी घरच्यांना वाटले की पाय बरा होतोय. पट्टी बदलताना दर वेळी दोन प्रश्न वेगळे विचारायला हवेत : जंतू कमी झाले का, आणि कातडी पुढे सरकली का. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर पुढची शीट मागवण्याऐवजी सर्जनला बोलवायची ती वेळ. तसे झाले असते तर रोपण पंधराव्याऐवजी आठव्या-नवव्या दिवशी होऊ शकले असते. रुग्णाचा नकार आड आला असता हे खरे. पण त्याचा नकार हात आणि पाय शेजारी ठेवून दाखवल्यावर मावळला, आणि तसे दाखवायला सर्जनच लागतात असे नाही.

सलाईनचा मुद्दा व्यवस्थेचा आहे. कार्डावर योग्य शब्द लिहून भागत नाही, ती वस्तू गावात मिळते का हेही बघावे लागते. आता नॅनोचांदीची पट्टी लावलेल्या रुग्णाला निर्जंतुक पाण्याची बाटली रुग्णालयातूनच बरोबर दिली जाते, किंवा फिल्मचे आवरण घालून घरी ओले करण्याची गरजच ठेवली जात नाही. कार्डावर "सलाईन घालू नका, मलम किंवा तेल लावू नका" हे मोठ्या अक्षरांत छापले आहे. आणि त्याखाली नातेवाइकाने आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय सिस्टर सही करत नाहीत.